बोटीच्या जीपीएसवर २००६ साल चालू आहे, वार मात्र बरोबर. हे काय प्रकरण?

वेसाव्याचा_पोर · २३ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. भाऊबीजेच्या दिवशी असला प्रश्न टाकतोय म्हणजे समजून घ्या घरात काय वातावरण असेल.

आमची बोट आहे वेसाव्याला. त्यावर एक जुना जीपीएस प्लॉटर आहे, म्हणजे नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारा डबा, २०१३ ला भाऊच्या धक्क्यावरून सेकंडहँड घेतलेला, ब्रँड लिहीत नाय कारण ती कंपनी आता हा मॉडेल ओळखतसुद्धा नाही. बाबांचे सगळे पॉइंट त्यातच आहेत, दोनशेच्या वर असतील, कुठे बोंबील लागतो कुठे खडक आहे कुठे बुडालेलं लोखंड आहे सगळं. आजपर्यंत कधी तक्रार नव्हती.

परवा लक्ष्मीपूजनाला काय झालं, बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून ते घरीच आणि बोट माझा चुलतभाऊ घेऊन गेलेला. तो दुपारी साडेबाराला खाडीच्या तोंडाशी परत आला आणि प्लॉटरचं टाइडचं पान बघून बोलला ओहोटी आहे, भरती संध्याकाळी सहाला, तोपर्यंत बाहेरच थांबू. जेवले, झोपले, फोन कोणाचाच चार्ज नाही. सहाला आत घुसले तर बोट सरळ गाळात. तेव्हाच खरी ओहोटी होती. इकडे घरी पूजा मांडलेली आणि हे पाच जण चिखलात तिरके होऊन बसलेले, पाणी चढेपर्यंत रात्र झाली. आता तुम्ही बोलाल कोळ्याच्या पोरांना भरती कळत नाही का, तर ते बाबा पण बोलले, आणि ह्याच्यापेक्षा खूप काय काय बोलले. "आज अवस, भरती बाराला, त्याला डबा कशाला बघायला लागतो" वगैरे.

रात्री मी जाऊन बघितलं तर पडद्यावर तारीख ७ मार्च २००६!! वार मंगळवार, जो बरोबर होता. टाइम बरोबर, मोबाइलशी सेकंदाला सेकंद जुळतो. जागा पण बरोबर, जेट्टी जिथे आहे तिथेच दाखवतो. सूर्यास्त मात्र पावणेसातचा दाखवत होता, त्या दिवशी तर सव्वासहालाच मावळला.

मी थोडं वाचलं की जीपीएसमध्ये आठवड्यांचा आकडा असतो आणि तो १०२४ ला संपून परत शून्यावर जातो. पण ते तर एप्रिल २०१९ ला झालं ना? तेव्हा आमच्या यंत्राला काहीच झालं नव्हतं. मग आता सहा वर्षांनी का? आणि पॉइंटचं काय, ते सरकले असतील का? बाबांना तीच धास्ती आहे.

---

चिंटू_चिंचपोकळी · २३ ऑक्टोबर

आतला बटण सेल गेला असेल भावा, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला पण असंच व्हायचं, सेल बदल दीडशे रुपयात काम होईल.

बाकी ७ मार्च २००६ ला खरंच परत जाता येत असेल तर मला पण सांग, बोरिवलीत एक फ्लॅट घेऊन येतो.

---

वेसाव्याचा_पोर · २३ ऑक्टोबर

सेल ऑगस्टमध्येच बदललाय. आणि सेल गेला असता तर १ जानेवारी काहीतरी दाखवलं असतं ना, वार आणि सेकंद कसे बरोबर येतील.

---

टॉवरवाला_घणसोली · २३ ऑक्टोबर

सेलचा संबंध नाही. वार बरोबर आणि तारीख चुकीची हीच ह्या आजाराची खूण आहे. ७ मार्च २००६ ते २१ ऑक्टोबर २०२५ दिवस मोज, बरोबर ७१६८ येतात, म्हणजे १०२४ गुणिले ७. पूर्ण आठवड्यांनी मागे गेलं की वार कसा बदलणार.

मी मोबाइल टॉवरच्या टायमिंगचं काम करतो, आमचं सगळं घड्याळ जीपीएसवरच चालतं त्यामुळे हे दुखणं घरचंच आहे. नीट सांगतो, जरा लांबेल.

सॅटेलाइट तारीख पाठवतच नाही. तो दोन गोष्टी पाठवतो, आठवड्याचा नंबर आणि त्या आठवड्यातला कितवा सेकंद. मोजणी सुरू झाली ६ जानेवारी १९८० ला. सेकंद ० पासून ६०४७९९ पर्यंत जातात आणि रविवारी परत शून्य. आठवड्याच्या नंबराला मात्र जुन्या सिग्नलमध्ये फक्त १० बिट दिलेत, म्हणजे ० ते १०२३ एवढंच मावतं. रिक्षाचे जुने मीटर आठवतात का, आकडे संपले की परत पहिल्यापासून, किती फेऱ्या झाल्या ते मीटर सांगत नाही. १०२४ आठवडे म्हणजे साधारण १९ वर्षं आणि साडेसात महिने. पहिली फेरी संपली २१-२२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री, तेव्हा जपानमध्ये बऱ्याच गाड्यांचे नॅव्हिगेशन झोपले होते. दुसरी ६-७ एप्रिल २०१९ ला. तिसरी संपेल २०-२१ नोव्हेंबर २०३८ ला.

आत्ता तुझा आठवडा धर. १९ ऑक्टोबरला सुरू झाला, खरा नंबर २३८९. पण सॅटेलाइट पाठवतोय फक्त ३४१. आता ३४१ म्हणजे कुठला? जुलै १९८६ पण असेल, मार्च २००६ पण, ऑक्टोबर २०२५ पण आणि जून २०४५ पण. आकडा एकच. कुठला घ्यायचा हे यंत्राने स्वतः ठरवायचं असतं.

आणि इथेच तुझ्या २०१९ वाल्या प्रश्नाचं उत्तर आहे. बहुतेक यंत्रं बनवणारे काय करतात, सॉफ्टवेअर ज्या दिवशी तयार झालं ती तारीख आतच लिहून ठेवतात, कारण त्या तारखेच्या आधी हे यंत्र चालू असणं शक्यच नाही. मग जो नंबर येईल त्याचा अर्थ त्या तारखेच्या पुढचा पहिला असा लावायचा. एकदम सोपी युक्ती आहे आणि चालते पण, फक्त त्या तारखेपासून १०२४ आठवडे. म्हणून २०१९ ला ज्यांनी हे केलेलं त्यांना काही कळलंसुद्धा नाही, आकडा १०२३ वरून ० वर आला आणि यंत्राने गुपचूप २०४८ मिळवले. पण त्याने फेरी टळत नाही, ती फक्त त्या यंत्राच्या स्वतःच्या तारखेवर सरकते. सॅटेलाइटची फेरी सगळ्यांसाठी एकाच दिवशी संपते, यंत्राची ज्याची त्याची वेगळी. आयफोन ५ वाल्यांना आठवत असेल, २०१९ ला एप्रिलमध्ये नाही तर ३ नोव्हेंबरच्या आधी अपडेट करा म्हणून ॲपलने सांगितलं होतं. ते ह्याच जातीचं.

एक सांग, तारीख कधी बिघडली ते काढता येईल का? लक्ष्मीपूजनाला लक्षात आलं पण बिघडली आधीच असणार. आणि यंत्र चालू करताना व्हर्जनची ओळ येते का ती बघ. माझा अंदाज आहे सॉफ्टवेअर २००५ च्या शेवटाचं किंवा २००६ च्या सुरुवातीचं निघेल.

---

वेसाव्याचा_पोर · २४ ऑक्टोबर

दादा पाया पडतो तुमच्या.

सेव्ह केलेले ट्रॅक बघितले. पावसाळी मासेमारी बंदीच्या आधीची शेवटची ट्रिप, तारीख ३० मे २०२५, बरोबर आहे. मग बोट वर घेतली. नारळी पौर्णिमा झाल्यावर रविवारी १० ऑगस्टला पुन्हा समुद्रात गेलो त्याच्या ट्रॅकवर तारीख आहे २५ डिसेंबर २००५!! म्हणजे अडीच महिने आम्ही नाताळपासून पुढे जगतोय आणि कोणाला पत्ता नाही. तारीख बघायला कोण जातं, सगळे पॉइंट आणि खोली बघतात.

हां आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सॅटेलाइट पकडायला पंधरावीस मिनिटं घेतली होती, आम्हाला वाटलं अँटेनाच्या वायरीत पाणी गेलं.

व्हर्जनच्या ओळीत शेवटी लिहिलंय २३ नोव्हेंबर २००५.

---

टॉवरवाला_घणसोली · २४ ऑक्टोबर

वा. मग हिशोबच मांडू. २३ नोव्हेंबर २००५ चा आठवडा १३५०, त्यातून १०२४ काढले तर ३२६. समजा त्यांनी तोच आठवडा पाया धरला, तर यंत्राच्या डोक्यात नियम असा बसलाय की ३२६ किंवा जास्त आला तर १०२४ मिळव, ३२६ पेक्षा कमी आला तर २०४८ मिळव. इतकी वर्षं हे चोख चाललं. मग एक दिवस सॅटेलाइटने परत ३२६ पाठवला. ह्याने नियमाप्रमाणे १०२४ मिळवले आणि गेला नोव्हेंबर २००५ मध्ये. त्याच्या बाजूने त्याचं काहीच चुकलेलं नाही.

तो दिवस कुठला माहितीये? ६ जुलै २०२५. आषाढी एकादशी. आपल्या वेळेने पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ४२ सेकंदांनी, साडेपाचला १८ सेकंद कमी कारण जीपीएसचं घड्याळ लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला जागतिक वेळेत अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) धरत नाही आणि आता १८ सेकंद पुढे आहे. तुमची बोट तेव्हा किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. इकडे वारकरी चंद्रभागेत आणि तिकडे तुमचं यंत्र बंद अवस्थेतच एक्सपायर झालेलं.

पॉइंटची काळजी करू नको. जागा काढायला आठवड्याचा नंबर जवळजवळ लागतच नाही. सिग्नल निघाला तो सेकंद, पोचला तो सेकंद, आणि सॅटेलाइट त्या वेळी कुठे होता ह्याची माहिती, ही तिन्ही आठवड्याच्या आतल्या सेकंदातच मोजतात. सगळ्यांवर एकसारखे ७१६८ दिवस चढले किंवा उतरले तर वजाबाकीत उडून जातात. पॉइंट तर नुसते अक्षांश रेखांश आहेत, त्यांना तारखेशी काय घेणं.

पंधरावीस मिनिटांचं पण कारण हेच असू शकतं. यंत्र जुनी सॅटेलाइटची यादी जपून ठेवतं आणि तारखेवरून अंदाज लावतं आत्ता डोक्यावर कोण असेल. अचानक तारीख २००५ आणि यादी २०२५ ची, म्हणजे यादी वीस वर्षं पुढची. गोंधळून ती फेकून देतं आणि नवी ऐकत बसतं. पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात, ५० बिट सेकंदाला एवढाच स्पीड आहे.

आमच्याकडे तर गंमत ह्याच्या उलट असते. टॉवरला तारखेची पडलेलीच नसते, त्याला सेकंदाची धार हवी, म्हणजे सेकंद नेमका कुठल्या क्षणी सुरू होतो ते, ती दीड मायक्रोसेकंदाच्या आत पाहिजे नायतर शेजारचे टॉवर एकमेकांवर बोलतात. तारीख वीस वर्षं मागे गेली तरी धार बरोबर म्हणून नेटवर्क चालू. पण २०२२ मध्ये एका क्लायंटच्या सर्व्हर रूममधलं टाइमचं यंत्र असंच २००२ ला गेलं, तिथे मात्र हाहाकार. कोणाचं लॉगिन होईना, सगळी सर्टिफिकेटं म्हणायला लागली मी अजून जन्मलोच नाही. रात्री दोनला गच्चीवर पावसात अँटेना हलवत होतो आम्ही, दोष अँटेनात नव्हताच.

---

भूगोलाच्या_बाई_दादर · २४ ऑक्टोबर

मी निवृत्त शिक्षिका आहे, यंत्रातलं मला कळत नाही पण भरतीचं गणित बघून राहवेना म्हणून लिहिते.

दोन अमावास्यांमधलं अंतर सरासरी २९.५३ दिवस. ७१६८ ला त्याने भागलं तर २४२ पूर्ण चांद्रमास होतात आणि वर २१.६ दिवस उरतात. म्हणजे आज अमावास्या असेल तर यंत्र ज्या तारखेत बसलंय तिथे चंद्र साधारण आठ दिवसांचा, शुद्ध अष्टमी-नवमी. ७ मार्च २००६ ला खरंच तसंच होतं, आदल्याच रात्री अर्धचंद्र झाला होता. आता आपली कोकणातली जुनी रीत लावा, तिथीची पाऊणपट करा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी आठ, पाऊणपट सहा. अमावास्या पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, मुंबईत प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास येते. म्हणून यंत्र म्हणालं सहा आणि तुमचे बाबा म्हणाले बारा. दोघांनी आपापल्या तिथीला बरोबरच सांगितलं!

बरं, नुसती वेळच उलटी नाही झाली. अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि ओहोटीला पाणी तितकंच खाली उतरतं. यंत्र भांगाची मवाळ ओहोटी दाखवत होतं, प्रत्यक्षात उधाणाची खोल. म्हणून गाळ लागला. इतर कुठल्या तिथीला कदाचित निभावलं असतं.

आणि एक गंमत. फेरी जर १०२४ आठवड्यांऐवजी बरोबर १९ वर्षांची असती ना, तर तुम्हाला काही कळलंच नसतं. १९ वर्षांचे ६९४० दिवस आणि २३५ चांद्रमासही जवळजवळ तेवढेच. म्हणून तर माणसाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ जुळतात. सूर्यास्तही जुळला असता. हे वरचे साडेसात महिने सगळा घोळ करतात.

---

चिंटू_चिंचपोकळी · २४ ऑक्टोबर

बाई तुम्ही आम्हाला दहावीला असता तर मी पास झालो असतो.

---

रिपेरवाला_माझगाव · २५ ऑक्टोबर

ह्या सीझनला माझ्याकडे असले तीन पीस आले. तिघांनी आधी कोणाकडे तरी जाऊन फॅक्टरी रीसेट मारून घेतला होता. भाऊ रीसेट अजिबात मारू नको. तारीख तर सुधारत नाहीच, उलट पॉइंट सगळे साफ. एका नाखव्याचे अठरा वर्षांचे पॉइंट गेले माझ्यासमोर, माणूस काऊंटरवर नुसता बसून राहिला, मी चहा मागवला दुसरं काय करणार.

पहिलं काम वहीत सगळे पॉइंट उतरवून काढ, हाताने. दोनशे आहेत ना, दोन संध्याकाळी जातील. कार्डावर कॉपी होत असेल तर ती पण मार पण वही पाहिजेच. डिग्री मिनिट लिहिताना मिनिटाचे पॉइंटनंतरचे तिन्ही आकडे लिही, शेवटचा एक आकडा सोडलास की बोट सोळा-सतरा मीटर इकडे तिकडे होऊ शकते.

मग कंपनीचा अपडेट शोध. अपडेटमध्ये बाकी काही नसतं, तीच आतली तारीख पुढे ढकललेली असते. पण २००५ च्या सॉफ्टवेअरला आता अपडेट मिळणं कठीण, खोटं कशाला बोलू. काही यंत्रात आठवड्याची फेरी हाताने निवडायचं सेटिंग सर्व्हिस मेनूत असतं, ते मॉडेलवर आहे, नंबर कळवलास तर सांगतो.

तिसरं, इमर्जन्सीचं विचारलं नाहीस पण सांगतो. प्लॉटरमधून व्हीएचएफ सेटला, म्हणजे बोटीच्या वायरलेसला, वायर गेली असेल तर लाल बटण दाबल्यावर जो डिस्ट्रेस मेसेज जातो त्यात जागा आणि वेळ जाते, वेळ पण फक्त तास-मिनिट, तारीख नसतेच. तुझी दोन्ही बरोबर आहेत. तेवढं टेन्शन घेऊ नको.

---

अकरावी_सायन्स_ठाणे · २५ ऑक्टोबर

मला एक कळत नाही, दहाच बिट का दिले? अजून तीन दिले असते तर काय बिघडलं असतं. आणि आपल्या नाविकमध्ये, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएसमध्ये, तरी नीट केलंय ना?

---

टॉवरवाला_घणसोली · २५ ऑक्टोबर

अरे सत्तरच्या दशकातलं डिझाइन आहे ते. ३०० बिटांचा एक तुकडा जायला ६ सेकंद लागतात, त्यातच घड्याळाची दुरुस्ती, कक्षा, सगळं कोंबायचंय. लोकलच्या डब्यात चौथी सीट म्हणजे काय तुला माहितीये. एक एक बिटासाठी भांडण. आणि वीस वर्षांपुढे हेच मशीन कोण वापरतंय असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं.

नवीन जीपीएस सिग्नलमध्ये नंबराला १३ बिट आहेत, म्हणजे ८१९२ आठवडे, १५७ वर्षं, फेरी संपणार २१३७ ला. चीनच्या बैदूला पण १३, युरोपच्या गॅलिलिओला १२. पण जुन्या प्लॉटरला नवीन सिग्नल ऐकूच येत नाही त्यामुळे त्याचा काय उपयोग.

आणि नाविकचं, हे वाचून मला पण हसू आलं होतं. इस्रोच्या कागदात मोजणी सुरू होते २२ ऑगस्ट १९९९ ला, म्हणजे जीपीएसची पहिली फेरी संपली तिथून, आणि बिट परत १०च. म्हणजे नोव्हेंबर २०३८ ला दोघांची फेरी एकाच रात्री संपणार. वाईट नाही म्हणत मी, हा खेळ आता सगळ्यांना माहिती आहे, चांगला रिसीव्हर बनवणारा सांभाळून घेतोच. पण नवीन घर बांधताना परत तेवढाच छोटा माळा ठेवायचा म्हणजे...

---

अकरावी_सायन्स_ठाणे · २५ ऑक्टोबर

सांभाळून घेतो म्हणजे कसं? आतली तारीखवाली युक्ती तर शेवटी संपतेच.

---

टॉवरवाला_घणसोली · २५ ऑक्टोबर

एक म्हणजे यंत्र शेवटची बघितलेली तारीख स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतं आणि पाया तिथे सरकवतं. काल २०२५ होतं तर आज २००५ असूच शकत नाही, एवढी अक्कल. असं यंत्र वीस वर्षांत एकदा जरी चालू केलं तरी कायमचं टिकतं. फक्त मेमरी पुसली की परत मूळपदावर, म्हणून रिपेरवाले दादा म्हणाले तसं रीसेटला हात लावायचा नाही.

मोबाइल नेटवर्ककडून तारीख घेतो त्यामुळे त्याला फारसा प्रश्न नाही. अजून एक म्हणजे दुसऱ्या मंडळींना विचारायचं, गॅलिलिओला विचारलं की तो ७८ वर्षांत एकदाच गोंधळतो.

आणि एक चलाख युक्ती आहे लीप सेकंदाची. सॅटेलाइट हे पण पाठवतो की जीपीएस आणि जागतिक वेळ ह्यात किती सेकंदांचा फरक आहे. मार्च २००६ ला तो १४ होता. आत्ता १८ आहे, २०१७ च्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे ह्याच्या यंत्राला थोडं डोकं असतं तर त्याला कळलं असतं की १८ ऐकू येतंय म्हणजे २००६ असणं अशक्य. गणपतीत आरतीला पोरं किती मोठी झालीत बघून साल ओळखण्यासारखं आहे.

पण ती युक्ती अंगावर पण येते. लिनक्सवर जीपीएसडी म्हणून प्रोग्राम आहे, जगभर टाइम सर्व्हरवर चालतो. त्यात कोणीतरी तपासणी टाकली की आठवडा २१८० च्या पुढे आणि लीप सेकंद १९ पेक्षा कमी म्हणजे काहीतरी गडबड, १०२४ वजा करा. गृहीत धरलं होतं तोपर्यंत अजून एक लीप सेकंद लागलेला असेल. पण पृथ्वीने साथ दिली नाही, फिरण्याचा वेग असा राहिला की २०१६ च्या डिसेंबरनंतर लीप सेकंद लागलेलाच नाही. त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ ला, आठवडा २१८१, हा प्रोग्राम एकदम चांगल्या तारखेला खराब ठरवून मार्च २००२ ला घेऊन जाणार होता. आधी लक्षात आलं म्हणून बऱ्याच लोकांनी अपडेट मारला. फेरीपासून वाचवायला लिहिलेल्या ओळीनेच फेरी मारली.

एप्रिल २०१९ ला न्यूयॉर्क महापालिकेचं स्वतःचं वायरलेस नेटवर्क बंद पडलेलं, आणि ही तारीख सगळ्यांना वीस वर्षं आधीपासून माहिती होती. तुझ्या बोटीचं काय घेऊन बसलास.

---

भूगोलाच्या_बाई_दादर · २६ ऑक्टोबर

वेसाव्याचा पोर, एक सुचवते. टाइडच्या पानावर आजची तारीख आपोआप येते तशी हाताने दुसरी निवडता येते का बघा. खरी तारीख टाकता आली तर प्रश्नच मिटला. आणि त्या कॅलेंडरने २०२५ घेतलंच नाही तर बरोबर १९ वर्षं मागची तारीख टाका, दिवस-महिना तोच, साल २००६. चंद्र आणि सूर्य दोन्ही जवळपास जुळतील. पाण्याच्या उंचीत थोडा फरक राहील, वेळेत फार नाही. पहिल्यांदा बाबांच्या पाऊणपटीशी ताडून मगच भरवसा ठेवा.

---

वेसाव्याचा_पोर · ६ नोव्हेंबर

उशीर झाला उत्तराला, पॉइंट उतरवत होतो. २१७ निघाले. बाबा शेजारी बसून प्रत्येकाचं नाव सांगत होते, मशीनमध्ये नुसते नंबर आहेत पण त्यांच्या डोक्यात प्रत्येकाला नाव आहे, एक तर "धोंड्याच्या जाळ्याचा" म्हणून आहे, धोंडू मामाचं जाळं १९९८ ला तिथे फाटलं होतं म्हणे. ते पण वहीत लिहिलं.

रिपेरवाले दादांनी मेसेजवर सर्व्हिस मेनू उघडायची पद्धत सांगितली, उघडला पण फेरीचं सेटिंग नाही. अपडेट पण नाही मिळाला. म्हणजे तारीख आता अशीच राहणार, टॉवरवाले दादांच्या हिशोबाने २०४५ च्या फेब्रुवारीत हा परत एकदा नोव्हेंबर २००५ ला जाईल. बाबा बोलले तोपर्यंत बोट राहिली तर बघू.

बाईंची युक्ती चालली!! टाइडच्या पानावर तारीख हाताने टाकता येते, २०२५ पण घेतो. काल त्रिपुरी पौर्णिमा होती, ५ नोव्हेंबर टाकली तर भरती दुपारी बाराच्या आसपास दाखवली, बाबांनी बोटं मोजून तेच सांगितलं. मग मुद्दाम ५ नोव्हेंबर २००६ पण टाकून बघितली, ती पण जवळपास तीच आली. काहीच न टाकता उघडलं तर परत सहा.

चुलतभावाने पडद्याच्या वरच्या कडेला मार्करने लिहून ठेवलंय "तारीख हाताने टाक". त्याच्या खाली बाबांनी स्वतः लिहिलंय "नायतर मला विचार".